गिरमिटाच्या गळ्यातली पट्टी

हत्यारं माणसांपेक्षा जरा कमी बोलत, त्या काळातली गोष्ट. मिरजेच्या दस्तगीर मिस्त्रींनी महिनाभर घासून इलेक्ट्रिक गिटारचं लाकडी अंग तयार केलं. आता तारांची घोडी बसवायला भोकं पाडायची होती. किती खोल जायचं ते कळावं म्हणून त्यांनी गिरमिटाला कागदी पट्टी गुंडाळली.

गिरमिटाला तो अपमान वाटला. "बाई, मी पोलादाचं, तुम्ही कागदाच्या. मला थांबवणाऱ्या तुम्ही कोण?"

"मी कुठे थांबवते? मी नुसतं सांगते. थांबायचं तुम्हीच."

"ऐका तिचं, दादा," लाकूड काकुळतीने म्हणालं. "मला गायचंय."

"मोठं व्हायचं तर आरपार जावं लागतं," गिरमीट म्हणालं आणि फिरता फिरता असं थरथरलं की पट्टी वर सरकली. पट्टीवर भरवसा ठेवून मिस्त्री दाबत राहिले. लाकडाच्या पाठीचा ढलपा उडाला.

मिस्त्रींनी चष्मा पुसला, लाकूड कोपऱ्यात ठेवलं आणि नवी फळी घासायला घेतली.

पेटीत परतलेलं गिरमीट मोठ्या ऐटीत होतं. आरपार गेलेलं ते पहिलंच.

"मग, पलीकडे काय होतं?" कानशीने विचारलं.

गिरमिटाने अंगावरचा भुसा झटकला.

"टेबल," ते म्हणालं.