टिटवीने समुद्र आटवला तो दिवस

समुद्राला जिथे एक खाडी येऊन मिळते, तिथे तिवरांचं दाट रान होतं आणि त्या रानात एक पाणमांजर राहत असे. आता मुलांनो, मांजर म्हटलं की व्याकरणाप्रमाणे 'ते' म्हणावं लागतं. पण हा गडी 'ते' म्हणून घेऊन गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. मिशा ताठ, शेपूट जाड आणि चाल अशी, की अख्खी खाडी याच्या आजोबांनीच खणली असावी. म्हणून आपण त्याला सरळ पाणबोका म्हणू.

पाणबोक्याला मासे आवडत, उन्हात झोपणं आवडे, पण या सगळ्यांहून आवडे ती लाट. खाडीच्या तोंडाबाहेर पाण्याखाली कातळाची एक लांब रांग होती. तिला सगळे खडप म्हणत. समुद्रातून आलेली लाट त्या खडपाला अडखळली की ताडकन उभी राही, पुढे वाकून फुटू लागे आणि नेमक्या त्याच क्षणी पाणबोका पुढचे पाय छातीशी घेऊन तिच्यावर अंग झोकून देई. मग काय! पोटाखाली पाणी सळसळतंय, कानात वारा भरलाय, मिशा मागे फिरल्यात आणि किनारा धावत समोर येतोय! वाळूवर आपटला की अंग झाडायचं आणि पुन्हा पाण्यात. सकाळपासून भूक लागेपर्यंत त्याचा हाच उद्योग चाले.

पण एक लाट त्याला अजून मिळाली नव्हती. खडपाच्या पार दक्षिण टोकापासून निघून खाडीच्या तोंडापर्यंत कुठेही न तुटता येणारी. तिला तो 'थोरली' म्हणे. थोरली काही रोज येत नसे. दूर खोल समुद्रात वादळ होऊन लाटांना बळ यावं लागे. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा, म्हणजे मतलई, असावा लागे, कारण तोच लाटेला उभं धरतो. शिवाय खडपावर भरपूर पाणी चढायला समुद्राला उधाण लागे. पाणबोक्याच्या आयुष्यात हे तिन्ही योग एकदाच जुळून आले होते आणि नेमका त्या दिवशी तो तापाने फणफणला होता. तेव्हापासून त्याच्या जिवाला एकच ध्यास लागला होता. थोरली आपल्याला मिळाली पाहिजे!

ती कधी येणार, हे सांगायला होती टिटवी. टिटवी अंडी घालते ती उघड्यावर, खड्यांमध्ये. तिला ना घर, ना दार. पाणी कुठवर चढणार याचा अंदाज चुकला, तर सगळा संसार वाहून जायचा. म्हणून चंद्र, ढग, वारा, पाण्याचा रंग या सगळ्यांवर तिची बारीक नजर असे. रोज संध्याकाळी एका उंच दगडावर उभी राहून ती उद्याच्या समुद्राचा अंदाज सांगे. सांगे अगदी बरोबर, पण तिची एक खोड होती. आधी गोड, मग कडू. कुणाचा हिरमोड करायचं तिच्या अगदी जिवावर येई. त्यामुळे गोड ऐकून झालं की ऐकणारे उठून चालू लागत आणि कडू ऐकायला तेवढा तो दगड उरे.

भाद्रपदातल्या अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी टिटवी दगडावर उभी राहिली तीच पिसं फुलवून.

"ऐका हो ऐका! खोल समुद्रात वादळ होऊन गेलंय. ते इकडे यायचं नाही, पण त्याच्या लाटा निघाल्यात. उद्या अमावास्या, पाण्याला मोठं उधाण. आणि पहाटेपासून मतलई वारा. म्हणजे उद्या खडपावर..."

"थोरली!" पाणबोका किंचाळलाच. त्याने उभ्या जागी कोलांटी मारली आणि तो थेट शेजारच्या खेकड्यावर जाऊन पडला.

"अरे मेल्या, माझी नांगी!" खेकडा कळवळला. हा खेकडा खडपाच्या एका कपारीत राहत असे. पाणमांजरं खेकडे खातात हे खरं. पण पाणबोक्याने लहानपणी याला एकदा तोंडात धरलं होतं आणि याने त्याच्या ओठाला असा चिमटा काढला होता, की तेव्हापासून दोघांची घट्ट मैत्री झाली होती. "जरा दम धर. टिटवीआत्याचं पुढचं तर ऐक!"

"पुढचं असं," टिटवी सांगू लागली, "की सूर्य माथ्यावर आला की पाणी फिरणार. मग समुद्र आटणार. असा आटणार, की..."

पण तिला कुणी पुढे बोलू दिलं तर ना! बगळ्यांची रांगच्या रांग खो खो हसत सुटली. "ऐकलंत का? टिटवी समुद्र आटवणार!"

टिटवीदेखील समुद्र आटवते, ही म्हण तुम्ही ऐकली असेल. चिमुकल्या जिवानेही मनात आणलं तर मोठं काम होतं, असा तिचा चांगला अर्थ आहे. पण बगळ्यांना अर्थाशी काय देणंघेणं? त्यांना चिडवायला निमित्त हवं होतं. पाणबोकाही पोट धरधरून हसला आणि हसतहसतच रानात पळाला. बिचारी टिटवी खट्टू झाली. उरलेला अंदाज तिने दगडाला सांगितला.

पाणबोक्याला रात्रभर झोप म्हणून आली नाही. फटफटलं तसा तो धावत किनाऱ्यावर आला आणि बघतच राहिला. तिवरांमधून निघालेला गार मतलई वारा पाठीला लागत होता. पाणी आरशासारखं चकचकीत होतं आणि त्यावरून दूरच्या लाटा एकामागून एक, रेघा आखाव्यात तशा सरळ येत होत्या.  आता पाण्यात उतरायचं एवढंच बाकी होतं.

आणि तिथेच त्याच्या मनात आलं, 'एवढी थोरली घ्यायची आणि ती बघायला कुणीच नाही? मग घेतली काय नि न घेतली काय! उधाण तर आज दिवसभर आहे. आधी सगळ्यांना बोलावून आणतो.'

झालं! पाण्यात उतरायचं सोडून पाणबोका खाडीच्या काठाकाठाने आमंत्रणं करीत सुटला. खंड्याला बोलावलं, मुंगसाच्या अख्ख्या कुटुंबाला बोलावलं, बगळ्यांना तर दोनदा बोलावलं. घोरपड म्हणाली, "अंग तापल्याशिवाय मला हलवत नाही बाबा." मग घोरपडीचं अंग तापेपर्यंत तो तिच्याशेजारी बसून राहिला. इकडे पाणी चढत होतं आणि खडपावर थोरली येत होती. एक आली, मग दुसरी आली, मग तिसरी, टोकापासून टोकापर्यंत, कुठेही न तुटता. बघायला होता एकटा खेकडा. तो कपारीतून डोळे बाहेर काढून ओरडत होता, "अरे, कुठे मेलास?"

पाणबोका सगळी वरात घेऊन किनाऱ्यावर पोचला, तेव्हा सूर्य माथ्यावरून कलला होता. वारा फिरून समुद्राकडून खारा येऊ लागला होता. लाटा अजून मोठ्याच होत्या, पण आता त्या वेड्यावाकड्या आदळत होत्या. पाण्यात पाय घालताच पाणबोक्याला जाणवलं, की पाणी आपल्याला आत ओढतंय. त्याला ते कळलं नाही असं नाही. पाण्यातच वाढलेला तो, पाण्याची ओढ त्याच्या अंगाला मनाच्या आधी कळे.  पण मागे वळून पाहिलं तर सगळे माना उंच करून उभे होते. घोरपडसुद्धा! आता माघार कुठली घ्यायची?

"टिव टिव! टिव टिव!" टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली. पाणबोक्याला वाटलं, आत्या शाबासकी देतेय. बगळे म्हणाले, "आटव गं, आटव!"

पाणबोका खडपापलीकडे गेला आणि वाट बघू लागला. आणि आली! क्षितिजाकडून एक काळी रेघ उठली, वाढली, वाढतच गेली. थोरली! दुपारभर न आलेली, शेवटची, सगळ्यांत मोठी! पाणबोक्याने चार हात मारले, अंग झोकलं आणि लाटेने त्याला अलगद उचललं. केवढा तो वेग! किनाऱ्यावरचा जल्लोष त्याला ऐकू येत होता. डोळ्यांत पाणी आलं, ते खारं होतं की आनंदाचं, कुणास ठाऊक. 'मिळाली! मला थोरली मिळाली!'

मग त्याने पुढे पाहिलं. लाटेच्या पुढ्यात पाणीच नव्हतं. ओसरत्या समुद्राने आणि त्या लाटेने मिळून खडपावरचं सगळं पाणी शोषून घेतलं होतं आणि काळा कातळ, त्याला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांच्या सुरीसारख्या धारांसकट, उघडा पडून वर आला होता. लाट त्याला घेऊन थेट तिकडेच निघाली होती.

"सोड तिला!" टिटवी त्याच्या कानाशी येऊन ओरडली. "मागे फिर! सोड!"

सोडायची? जिच्यासाठी इतकी वर्षं वाट पाहिली ती? पाणबोक्याचा जीव तुटला. पण या वेळी त्याने टिटवीचं शेवटपर्यंत ऐकलं. पाठीचा कणा वाकवून त्याने लाटेच्या पोटातच सूर मारला. पुढच्या क्षणी थोरली कातळावर फुटली. तिवरांतले पक्षी उडाले, एवढा तिचा आवाज झाला.

मागून आलेल्या छोट्या लाटेने पाणबोक्याला उचलून खडपातल्या एका कोंडीत भिरकावलं. कोंड म्हणजे कातळातला पाण्याचा खड्डा. शेपटीचं साल निघालं होतं, पंजे सोलवटले होते, पण जीव शाबूत होता. किनाऱ्यावर रडारड सुरू झाली होती. कोंडीतून मिशा वर आल्या तेव्हा मुंगसाची पोरं रडता रडता हसायला लागली.

समुद्र मात्र अजून मागे हटतच होता. कधी न दिसलेला कातळ दिसू लागला, त्यावर अडकलेले मासे तडफडू लागले, पार लांबवर नुसते खडकच खडक. बगळे तोंडात मासा धरायचंही विसरले. त्यांतला सगळ्यांत म्हातारा हळूच म्हणाला, "टिटवीने खरंच समुद्र आटवला की रे!"

चहूकडे कालवांच्या धारा असल्यामुळे पाणबोक्याला सोलवटलेल्या पंजांनी चालत येणं शक्य नव्हतं. पाणी परत येईपर्यंत त्याला कोंडीतच बसायचं होतं. टिटवी त्याच्याजवळच्या खडकावर येऊन बसली. खेकडाही तिरका तिरका चालत आला.

"आटवला मी नाही," टिटवी म्हणाली. "उधाण म्हणजे नुसतं चढणं नव्हे रे. ज्या दिवशी भरती सगळ्यांत उंच, त्याच दिवशी ओहोटी सगळ्यांत खोल. सूर्य माथ्यावर यायच्या आत बाहेर पडा, एवढंच सांगायचं राहिलं होतं माझं."

"मग तेच आधी का नाही सांगितलंस, आत्या?" पाणबोका शेपूट चाटत म्हणाला.

टिटवीने चोचीने आपली पिसं सारखी केली. मग म्हणाली, "थोरलीचं नाव निघताच तुझा चेहरा किती फुलला होता! तो उतरवायला नको वाटलं मला. पण आज तू गेला असतास, तर तुझा चेहरा कुठून आणला असता मी?"

 पाणबोक्याने ओला पंजा तिच्या पायाशी ठेवला. दिवस मावळून रात्र चढली तेव्हा पाणी परत आलं आणि खेकड्याने दाखवलेल्या वाटेने तो घरी पोचला.

दुसऱ्या दिवसापासून टिटवीने आपली रीत बदलली. आता ती आधी कडू सांगू लागली. पाणी कधी ओसरणार, खडप कुठे उघडं पडणार, वारा कधी फिरणार आणि मग शेवटी गोड. पहिल्यांदा सगळे कुरकुरले. पण गोड ऐकायचं तर कडू ऐकणं भाग होतं. आईच्या हातचा काढा प्यायल्यावरच गूळ मिळतो ना, तसंच ते. सगळ्यांत पुढे पाणबोका बसे आणि टिटवीने शेवटचं 'टिव' म्हटल्याशिवाय जागचा हलत नसे.

पुढे कितीतरी अमावास्या आल्या नि गेल्या. आणि एका पौर्णिमेला ते तिन्ही योग पुन्हा जुळले. पाणबोक्याने कुणालाही बोलावलं नाही. मतलई वाऱ्यात, चढत्या पाण्यात, कोवळ्या उन्हात तो एकटाच खडपाच्या दक्षिण टोकाला गेला. आली! उठली, वाकली आणि त्याला पाठीवर घेऊन निघाली, खडपाच्या एका टोकापासून खाडीच्या तोंडापर्यंत, कुठेही न तुटता, कुठेही न अडखळता! पाणबोका वेड्यासारखा ओरडत होता, हसत होता. खेकडा दोन्ही नांग्या वर करून कपारीतच नाचत होता.

पाणबोका वाळूवर येऊन आडवा झाला. छाती धपापत होती, मिशांतून पाणी गळत होतं. तो पुन्हा लाटेकडे धावणार, तोच टिटवी खाली उतरली.

"अजून थोडं सांगायचंय रे. वारा आज लवकर फिरेलसं दिसतंय."

समोर आणखी एक थोरली उभी राहत होती. पाणबोक्याने तिच्याकडे पाहिलं, मग टिटवीकडे पाहिलं आणि तो शेपूट आवरून खाली बसला.

"सांग आत्या. मी ऐकतोय."

तात्पर्य : जे उधाण पाणी चढवतं, तेच ओढूनही नेतं, म्हणून आनंदाची बातमी अर्धी ऐकून उठू नये, आणि सांगणाऱ्याने धोका शेवटासाठी राखून ठेवू नये.