रांगेतली हरिणी आणि कासवाचा निकाल

मुलांनो, सागाच्या एका दाट रानात एक हरिणी राहायची, पण जीव तिचा तिथे नसायचाच. तो असायचा ओढ्यापलीकडच्या टेकडीवर. तिची लेक तिकडे नांदत होती आणि तिला नुकतंच पाडस झालं होतं. हरिणीचा मागचा पाय मात्र दरडीवरून घसरून दुखावला होता. टेकडी चढणं सोडाच, ओढा ओलांडणंही होईना. रोज सकाळी पाण्याला तोंड लावण्याआधी ती टेकडीकडे वळून वनदेवीला विनवायची, "माये, पाडसाचं दूध तुटायच्या आत एकदा त्याला चाटू दे."

त्या रानात औषधपाणी करणारं अस्वल एकच. सगळ्यांनी मिळून त्याला मध आणि मुळ्या पुरवायच्या, आणि त्याने सगळ्यांना बरं करायचं, अशी रीत. रानाचे नियम एका कातळावर कोरलेले होते. पहिला नियम होता, "जगण्याचा हक्क सर्वांना सारखा." सातवा होता, "औषध रांगेने मिळेल, मोलाने नाही." रांगेत प्रत्येकाने आपापला दगड ठेवायचा. हरिणीने आपला दगड उन्हाळ्यात ठेवला होता. पावसाळा सरत आला तरी तो पुरता दोन हातही पुढे सरकला नव्हता.

"तुझ्या दगडावर शेवाळ धरलं की गं," मागची साळींदरीण हसायची.

"माझ्यावर नाही ना धरलं अजून? देवीची कृपा," हरिणी म्हणायची.

एके दिवशी कोल्हा शेपटी फुलवत आला. "ताई, किती सोसाल? मी विम्याची सोय काढलीय. दर अमावस्येला मधाचं एक पोळं माझ्या बिळात पोचवायचं. दुखलं-खुपलं की रांग नाही, थेट उपचार! पण हा मेला सातवा नियम आडवा येतो. तुम्ही कासवाकडे दाद मागा. पहिला नियम म्हणतो जगा, आणि सातवा ताटकळत मारतो. खरं की नाही?"

खरंच होतं ते. हरिणीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुझं दुःख आणि कोल्ह्याचं तोंड? जपून गं बाई," साळींदरीण म्हणाली. पण तेवढ्यात टेकडीवरून लेकीची साद आली आणि हरिणी कोल्ह्यामागून लंगडत निघाली.

कासव त्या रानाचं न्यायाधीश. ते डोकं बाहेर काढून सगळं ऐकायचं, "पुढच्या पौर्णिमेला," म्हणायचं आणि डोकं आत घ्यायचं. अशा तीन पौर्णिमा गेल्या. दर वेळी कोल्हा हरिणीला पुढे उभी करायचा, तिचा पाय सगळ्यांना दाखवायचा, आणि सभा हळहळायची. चौथ्या पौर्णिमेच्या सकाळी कासवाने मान पुरती बाहेर काढली.

"कोल्होबा, तुझ्या बिळात उपचार कोण करणार?"

"अस्वलच, महाराज. अर्धा दिवस माझ्याकडे येईल."

"म्हणजे रांगेला अर्धाच दिवस उरेल. बरं, या हरिणीचा विमा तू उतरवशील ना?"

कोल्ह्याने कान पाडले. "त्याचं असं आहे, महाराज... हिचं दुखणं आधीचं. आधीचं दुखणं विम्यात बसत नाही. आणि वयही झालंय."

हरिणीला वाटलं, दरड पुन्हा एकदा पायाखालून सुटली. "मग माझा पाय इतके महिने सगळ्यांना कशाला दाखवलास रे बाबा?" एवढंच ती म्हणाली.

कासवाने तिच्याकडे वळून विचारलं, "तुझं मागणं काय, बाई?"

"कुणाच्या पुढे नाही जायचं मला, महाराज. माझा नंबर मी जिवंत असताना लागावा, एवढंच."

कासवाने निकाल दिला. "सातवा नियम राहील. एका अस्वलाचे दोन तुकडे होत नाहीत. पण रांग हलतच नसेल, तर पहिला नियमही मोडतो, आणि तो मोडणारे आपण सगळे. अस्वलाने येत्या अमावस्येपासून वानरांना हाडं बसवायला शिकवावं."

"आणि निकालाला चार पौर्णिमा लागल्या, त्याचं काय?" साळींदरीण मागून बोलली.

कासवाने डोकं आत घेतलं. थोड्या वेळाने पुन्हा बाहेर काढलं. "तो दोष माझा," ते म्हणालं.

थंडी सरता सरता एका वानरीने हरिणीचा पाय बसवला. हरिणी टेकडी चढली, दर दहा पावलांवर दम खात. पाडसाचं दूध केव्हाच तुटलं होतं. ते आईच्या खांद्याला लागलं होतं, आणि या अनोळखी म्हातारीला पाहून दोन पावलं मागे सरलं. हरिणी पुढे झाली नाही. मान खाली घालून गवतात नुसती उभी राहिली. वारा तिचा वास तिकडे घेऊन गेला. मग पाडसाने नाक उचललं, आणि एक पाऊल पुढे टाकलं.

तात्पर्य : सर्वांना एका रांगेत उभं करणाऱ्यांनी ती रांग वेळेत पुढे सरकवण्याचंही वचन पाळावं, आणि आपलं दुःख कितीही खरं असलं, तरी ते कुणाच्या स्वार्थाच्या हाती देऊ नये.