फुलारणीचे दोन डाव

बुद्धिबळ कोण चांगलं खेळतं, यावरून राणीसाहेब आणि त्यांच्या नणंदबाई आक्कासाहेब यांच्यात तीन महिने अबोला होता. समोरासमोर डाव मांडायलाही दोघी तयार नव्हत्या. राजेसाहेबांना मात्र रोज दोन्ही महालांत जेवावं लागे.

एकदा पोटावर हात ठेवून ते कण्हत होते, तेव्हा हार घेऊन आलेली येसू फुलारीण हसली.

"हसतेस? मग तूच निकाल लाव," राजेसाहेब भडकले. "आज संध्याकाळच्या आत. त्या समोरासमोर बसणार नाहीत, आणि हरलेलीनं स्वतःच्या तोंडानं हार कबूल केली पाहिजे. नाही जमलं तर तुझी फुलं इथं बंद."

येसूचं पोट त्या फुलांवरच होतं. तिनं हातातले हार खाली ठेवले. मग म्हणाली, "दोघींशी मीच खेळते, सरकार. एकाच वेळी, ज्यांच्या त्यांच्या महालात. आक्कासाहेबांकडे मी काळे मोहरे घेईन, राणीसाहेबांकडे पांढरे."

"तुला खेळता येतं?"

"बघू की."

डाव सुरू झाले. प्रत्येक चालीनंतर येसू उठे. "चालल्याशिवाय मला सुचत नाही," म्हणत चौक ओलांडून दुसऱ्या महालात जाई, आणि परत येऊन बेधडक मोहरा हलवी.

"घोडा असा घालायला कुठं शिकलीस गं?" राणीसाहेबांनी विचारलं.

"आत्ताच शिकले."

दिवस कलला. राणीसाहेबांनी पटाकडे बराच वेळ पाहिलं आणि आपला राजा आडवा केला. "हरले, येसू. पण खरं सांगते, तुझ्यापुढे आक्कासाहेब दहा चाली टिकायच्या नाहीत."

दारातून राजेसाहेबांनी ते ऐकलं. येसू चौक ओलांडून गेली, तिकडच्या पटावर आपला राजा आडवा करून परतली, आणि तिच्या मागोमाग आक्कासाहेब आल्या. कपाळावर घाम होता. "मी जिंकले, दादासाहेब. पण या फुलारणीनं घाम फोडला. वहिनीसाहेबांना असं खेळणं जन्मात जमायचं नाही."

राजेसाहेब गोंधळले. "येसू, तू एकीला हरवलंस आणि दुसरीशी हरलीस. मग तू खेळलीस तरी कशी?"

"मी कुठं खेळले, सरकार? आक्कासाहेबांची चाल राणीसाहेबांकडे पोचवली, राणीसाहेबांची आक्कासाहेबांकडे. दिवसभर त्या दोघीच खेळत होत्या. एकमेकींचं कौतुकही त्यांनीच केलं."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आधी राणीसाहेबांना हसू फुटलं, मग आक्कासाहेबांना. राजेसाहेब तर इतके हसले की त्यांना खांबाला टेकावं लागलं. डोळे पुसत त्यांनी नदीकाठची मोगऱ्याची बाग त्याच संध्याकाळी येसूच्या नावे करून दिली.