वाटीतली बकुळफुलं

त्या सकाळी शेवंता अंगण झाडत होती आणि चांदणी, तिची पांढरीशुभ्र इवली शेळी, खराटाच चघळत होती. तेवढ्यात बाबा हळूच म्हणाले, "शेवंते, चांदणी विकावी लागेल गं. पुनव झाली की केसरच्या घरचे न्यायला येतील."

शेजारच्या केसरला झालरीचा परकर, केसरला रुपेरी पैंजण, आणि आता चांदणीसुद्धा केसरलाच! शेवंताच्या मनाला मत्सराचा मुंगळा कडाडून चावला.

"पैसे कुठे जातात तेच कळत नाही," बाबा म्हणाले. आई गेल्यापासून ते असंच म्हणत.

शेवंता बकुळीच्या बनात रडायला गेली. तिथे कोळ्याच्या जाळ्यात काहीतरी सोनेरी लुकलुकत होतं. डोळे पुसून तिने ते अलगद सोडवलं. बोटाएवढी परी होती ती! पंख मोरपिशी, झगा हळदुला.

"माग बाळ, काय हवं तुला?"

"केसरचे पैंजण हरवू देत!" शेवंता बोलून गेली.

परी हसली नाही. "दुसऱ्याचं हिरावणारी इच्छा मी पुरवत नाही, छकुले."

"मग... चांदणी आमच्याकडेच राहू दे."

परीने चिमुकलं मडकं आणि चमचमते मणी दिले. "घरातून पैसा गेला की यात मणी टाक. पोटासाठी गेला तर हिरवा, कपड्यांसाठी निळा. कुणापेक्षा कमी दिसू नये म्हणून गेला, तर लाल. एकही चुकवलास तर सगळे विझतील. पुनवेला मडकं उघड."

शेवंताने एक रिबीन घेतली, केसरच्या रिबिनीहून लांब. निळा मणी हातात घेऊन ती थबकली. मग तिने गुपचूप लाल टाकला.

पुनवेच्या दुपारी मडकं उपडं केलं, तर लालच लाल!

"एवढे कशाचे गं?" बाबांनी विचारलं.

"एक माझ्या रिबिनीचा. बाकीचे पेढ्यांचे, बाबा."

केसरची आई वाटीभर लाडू पाठवायची. बाबा ती वाटी पेढ्यांनी शिगोशीग भरून परत करायचे.

"तुझी आई वाटी कधी रिकामी पाठवायची नाही," बाबा म्हणाले.

"पण आई त्यात बकुळीची फुलं घालायची."

बाबा उठून बकुळीच्या बनात गेले. मग त्यांनी स्वतःच फुलं वेचली.

केसरला घेऊन शेळी न्यायला आलेली तिची आई फुलांची वाटी पाहून खळखळून हसली. "सुटले गं बाई! तुमच्या पेढ्यांच्या तोडीचं काय पाठवू, या काळजीने माझा तुपाचा डबा खडखडीत झालाय!"

"आता शेळी विकायची गरज नाही, वहिनी," बाबा म्हणाले.

केसर पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत पुटपुटली, "मला कुठे शेळी हवी होती? शेवंताकडे होती ना, म्हणून..."

शेवंताने चांदणीची दोरी तिच्या हातात दिली. "चल, दोघी मिळून चरायला नेऊ."

बनात पोचताच लाल, हिरवे, निळे मणी शेवंताच्या ओच्यातून काजव्यांसारखे उडाले. त्यांच्या झगमगाटात परी एकदा हसली आणि उजेडात उजेड होऊन गेली.

केसरचे पैंजण चांदणीमागे छुमछुमत राहिले. त्यांच्याविषयी मागितलेली ती इच्छा केसरला सांगायची मात्र राहूनच गेली.