बिनकडीची दारं

ऋजुताला पहिली खटकली ती दारं. वेळणे बंदराच्या खालच्या गल्लीत, नदीकडे तोंड करून ओळीनं उभ्या असलेल्या घरांपैकी एकाही दाराला कडी नव्हती. आतून नाही, बाहेरूनही नाही. मोडून पडल्या असत्या तर खिळ्यांची भोकं राहिली असती, गंजाचा डाग राहिला असता. इथे फणसाच्या फळ्या कोऱ्या होत्या, आणि पाण्यावरून वारा आला की प्रत्येक दार बोटभर उघडायचं आणि पुन्हा मिटायचं, जणू आत कोणी श्वास घेत होतं.

तिनं एका फळीला हात लावून पाहिला.

“काय शोधतेस गो?”

आतून आवाज आला आणि ऋजुता दचकून मागे सरली, ती थेट वर्गमैत्रीण अस्मिताच्या पायावर. दार उघडलं. जमिनीवर सुपात सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी, निवडत एक ठसठशीत बाई बसली होती.

“कडी... दाराला कडी नाहीये,” ऋजुता म्हणाली.

“नायच आहे. चोर काय नेणार, हे सोडे? नेऊ देत की. फक्त निवडून ने म्हणावं, माझी कंबर मोडली.”

सगळे हसले. कॉलेजची ती पाच जणं होती, इतिहासाच्या वर्गातली, जुनं बंदर पायी फिरून बघायला आलेली. सकाळी चिखलातून एक खेकडा पायाशी आला तेव्हा ऋजुता अशी किंचाळली होती की पलीकडच्या होडीतला माणूस उठून उभा राहिला. तेव्हापासून तिनं मनाशी ठरवलं होतं, आज पुन्हा तोंडातून आवाज काढायचा नाही.

“शेवंतीकाकी, पोरांना घाबरवू नको,” बरोबरचे धोंडूतात्या पावसकर म्हणाले. तात्यांनी पूल होईपर्यंत चाळीस वर्षं इथली तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवली होती. आता पाहुण्यांना बंदर दाखवत. “आणि पोरी, कड्यांची गोष्ट इथे सांगायची नसते. खाली धक्क्यावरच्या लोखंडी कड्यापाशी सांगायची. चला, ओहोटी आहे तोवर.”

मिठाच्या वखारीवरून, खाऱ्या हवेनं चाळण झालेल्या भिंतींच्या कडेकडेनं ते उतरले. जुना धक्का आता काठापासून तुटला आहे. मधला भाग कधीच वाहून गेला. चिखलात टाकलेल्या दहाबारा दगडांवरून ओहोटीच्या वेळी तिथे जाता येतं. धक्क्याच्या सर्वांत खालच्या पायरीत एक लोखंडी कडं रोवलेलं आहे. मनगटाएवढं जाड, हातांच्या घासण्यानं आतून गुळगुळीत झालेलं.

“होड्या बांधायचं ना हे?” अस्मितानं विचारलं.

“होडी बांधायची नाही याला. माणसानं धरायचं. धरा सगळ्यांनी. गोष्ट संपेपर्यंत सोडू नका.”

ऋजुतानं वही पायरीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी कडं धरलं. ते थंडगार होतं.

तात्या सांगू लागले तसा त्यांचा आवाज बदलला. त्यांच्या आधी त्यांच्या आजीनं, तिच्या आधी आणखी कोणी सांगितलेली गोष्ट होती ती. त्यांनी नुसती वाट करून दिल्यासारखी ती बाहेर आली.

असं सांगतात, की वेळणे बंदर तेव्हा नांदतं होतं. नदीच्या तोंडाशी वाळूचा दांडा, आणि दांडा कधी एका जागी राहत नाही. दिवसा, उन्हात, पाण्याच्या रंगावरून वाट कळायची. पण पौषात सकाळी धुकं उतरलं की हाताचा पंजा दिसत नसे. मग गलबत हाकणारा तांडेल बाहेरूनच हाक द्यायचा आणि बंदरातून दोन माणसं त्याला ओ द्यायची. एक या खालच्या पायरीवरून, दुसरा वर भैरीच्या देवळाच्या पायरीवरून. दोन्ही आवाज एकावर एक, एकाच बाजूनं आले, की खोल पाण्याच्या वाटेवर आहोत असं तांडेलानं समजायचं. आवाज फाकले, की दांडा जवळ आला. दिवे धुक्यात फुकट, पण आवाज पोचतो. वेळण्याची माणसं अशी नुसत्या ओच्या आधारावर गलबतं आत घेत. त्यावरच बंदर जगत होतं.

एका हिवाळ्यात धुक्यातून हाक आली. बंदरानं सवयीनं ओ दिला आणि लुटारूंना आपल्याच तोंडानं दारापर्यंत आणलं. वखारी जळाल्या, माणसं गेली. तेव्हा बंदराचा मुख्य दामाजी नाखवा यानं सगळ्यांना भैरीपुढे जमवून ठराव केला, म्हणे, की यापुढे धुकं असेतो कोणी ओ द्यायचा नाही. लोहारानं बावीस घरांच्या नदीकडच्या दारांना अंगठ्याएवढ्या जाड कड्या बसवल्या.

दामाजीची सून भिवरा. ती फार भित्री होती असं सांगतात. मांजरानं भांडं पाडलं तरी तिच्या परातीतलं पीठ सांडायचं. दाराला कडी आली म्हणून सगळ्यांत जास्त बरं वाटलं ते तिला.

पुढच्या पौषात धुकं पडलं आणि नदीच्या तोंडाकडून हाक आली. घोगरी, फाटकी, ओळख न लागणारी. बावीस घरांत बावीस कड्या लागल्या. दुसरी हाक आली. लोक चुलीपुढे खाली मान घालून बसून राहिले. तिसऱ्या हाकेला भिवरा उठली आणि तिनं कडीवर हात ठेवला.

“भिवरा, हात काढ,” दामाजी म्हणाला.

तिनं काढला.

चौथी हाक आली नाही.

दुपारी धुकं उठलं तेव्हा दांड्यावर गलबत फुटून पडलेलं दिसलं. वेळण्याचंच होतं ते. नारळ घेऊन गेलेलं, आठ महिन्यांनी परतलेलं. सात माणसं होती. दामाजीचा मुलगा येसाजी, म्हणजे भिवराचा नवरा, त्यात होता. वाटेत वादळानं गाठलं असावं, तीन दिवस थंडीवाऱ्यात ओरडून त्यांचे घसे गेले असावेत. “आवाज ओळखू आला नाही,” प्रत्येक घर म्हणत होतं. भिवरा एवढंच म्हणाली, म्हणे, “ओळखायचा नव्हताच. ओ द्यायचा होता.”

तेरावा झाला. चौदाव्या दिवशी पुन्हा धुकं, पुन्हा हाक.

या वेळी भिवरानं पहिल्याच हाकेला कडी काढली. सासरा दारात आडवा आला. “लुटारू असले तर?” तिचे दातावर दात आपटत होते. ती त्याच्या बाजूनं वाकून निघाली, इथे या शेवटच्या पायरीवर येऊन उभी राहिली, आणि तिनं ओ दिला.

धुक्यातून हाक, तिचा ओ. पुन्हा हाक, पुन्हा ओ. पण एका आवाजानं काय होणार? बंदर कुठल्या बाजूला ते कळतं, वाट कळत नाही. गलबत बाहेरच घुटमळत राहिलं. आणि भरती लागली होती. पाणी भिवराच्या गुडघ्यांना आलं, कमरेला आलं. एक पायरी वर चढली असती तर निभावलं असतं. पण आवाजाची जागा हलली की तांडेलाचा अंदाज हलतो, हे वेळण्याच्या पोराबाळांनाही ठाऊक. ती हलली नाही. होड्या बांधायचा एक लाकडी खुंट होता, त्याला मिठी मारून ती ओ देत राहिली. पाणी छातीला आलं. वर भैरीच्या देवळात सगळं सामसूम.

मग वरून ओ आला. म्हातारा, चिरका. दामाजीचा.

दोन आवाज एका रेषेत आले आणि गलबत वळलं.

लुटारू नव्हते ते. मीठ घेऊन दूरच्या मुलखातून आलेली नऊ परकी माणसं होती, वेळण्याची भाषाही न येणारी. त्यांनीच भिवराला पाण्यातून उचललं. खुंट मुळापासून निखळला होता. आणखी दोन लाटा आल्या असत्या तर खुंटासकट ती गेली असती. ती वाचली, पुढे तीस वर्षं जगली. पण तिचा आवाज वाचला नाही. त्या दिवसानंतर तिच्या तोंडातून शब्द म्हणून फुटला नाही, असं सांगतात.

त्याच संध्याकाळी दामाजीनं आपल्या दाराची कडी स्वतःच्या हातानं उपटली आणि लोहाराच्या भट्टीपुढे नेऊन टाकली. मग दुसऱ्या घराची आली, तिसऱ्या घराची आली. खिळ्यांची भोकं नको म्हणून लोकांनी दारंसुद्धा नवी केली. बावीस कड्या वितळवून हे एक कडं घडवलं, आणि इथे रोवलं, म्हणजे या पायरीवर उभं राहणाऱ्याला धरायला निखळणारा खुंट नसावा. आणि भैरीपुढे नवा नेम झाला. भिवराला आता ओ देता येत नाही, तेव्हा पाण्याकडची हाक ज्याच्या कानावर पडेल त्यानं तिच्या वतीनं ओ द्यायचा. आधी ओ, कोण ते नंतर.

गोष्ट संपली तशी सगळ्यांनी कडं सोडलं. खाली चिखलात बुडबुडे फुटत होते.

“आणि पुन्हा लुटारू आले असते तर?” अस्मितानं विचारलं.

“आले की. दोनदा आले म्हणतात. पण कड्या काही परत बसल्या नाहीत.” तात्यांनी गुडघ्यावर हात टेकून उठता उठता नदीकडे पाहिलं. “चला आता. पाणी वळलंय, आता भरती लागेल. चारनंतर इथे कोणी थांबत नाही.”

वर भैरीच्या आवारात चहा झाला. अस्मितानं सगळ्यांच्या बॅगा, मोबाईल एका कट्ट्यावर रचून ठेवले आणि फोटो काढायला देवळामागे गेली. तात्या पोरांना तरीच्या दिवसांतल्या गमती सांगत होते. “इथे बुडाले ते मध्यान्ही, माणसांदेखत बुडाले,” ते मध्येच म्हणाले. “हाक मारायची लाज वाटली म्हणून. कोण काय म्हणेल!” आणि पुन्हा कुठल्याशा नवरदेवाच्या होडीतल्या फजितीकडे वळले.

तेव्हा ऋजुताच्या लक्षात आलं, की वही खालीच राहिली.

तिनं कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर अस्मिता म्हणाली असती, “झालं! आता वहीसाठी किंचाळायचं का?” पाच मिनिटांचं काम. ती गल्ली उतरून, दगडांवरून उड्या टाकत धक्क्यावर पोचली. वही पायरीवर होती, कोपऱ्यानं भिजलेली. ती उचलून, भिजलेली पानं एकेक सोडवून वळली, तर येतानाचे शेवटचे चार दगड दिसत नव्हते. तिथे आता काळसर, न बोलणारं पाणी होतं आणि ते वळणं घेत आत शिरत होतं. बघता बघता पाचवा दगड गेला.

तिला पोहता येत नव्हतं.

ती धक्क्याच्या माथ्यावर चढली. माथ्यावर उरलेल्या भिंतीच्या चिऱ्यांना ओल्या शेवाळाचा पट्टा होता, तिच्या कमरेच्याही वर. म्हणजे पाणी इथवर येत होतं. उधाणाला आणखी वर. काठ पंचवीस पावलांवर, पण ती पावलं पाण्यातली. गल्लीत कोणी दिसत नव्हतं. दारं तेवढी बोटभर उघडत होती, मिटत होती.

हाक मारायची, पण कोणाच्या नावानं? काय म्हणून? खेकड्याला किंचाळणारी मुलगी म्हणून सकाळपासून सगळे ओळखतात तिला. आताही हसतील. पाणी जरा थांबेल कदाचित. तिनं कपाळावरचा घाम पुसला आणि खाली पाहिलं, तर खालची पायरी बुडाली होती आणि कडं पाण्याखाली नुसतं हलल्यासारखं दिसत होतं. वरच्या पायऱ्या एकेक करून जात होत्या. पाणी चपलेत शिरलं.

“अहो,” ती म्हणाली. तो आवाज तिलाच नीट ऐकू आला नाही.

लाट आली आणि तिचा पाय घसरला. माथ्यावरून ती थेट शेवटच्या पायरीपर्यंत गेली, मांड्यांपर्यंत पाण्यात. हात चाचपडत खाली गेला आणि पाण्याखाली काहीतरी जाड, गोल, गुळगुळीत लागलं. तिनं ते धरलं. बावीस घरांनी आपापल्या दाराची कडी काढून घडवलेली ती वस्तू जागची हलली नाही.

आजही वेळणे बंदरात नदीकडच्या दाराला कडी लावत नाहीत. नवं घर बांधणारा सुताराला पहिली तीच गोष्ट बजावतो. आजही तिथली माणसं नदीकडे पाठ करून झोपत नाहीत, आणि पाण्याकडून हाक आली तर चुलीवरचं दूध उतू जाऊ देतात, म्हणे. पण हे सगळं ऐकलेलं. ऋजुताला त्यातलं काहीही तेव्हा आठवत नव्हतं. वही हातातून सुटून वाहत चालली होती, पाणी कमरेला लागलं होतं, आणि एवढंच कळत होतं की हे कडं आता सोडायचं नाही आणि आता ओरडायचं.

तिनं डोळे मिटले आणि पोटातून, बेंबीच्या देठापासून हाक मारली. शब्द नव्हता त्यात. नुसता आवाज. तो वखारीच्या भिंतींवर आपटून तिच्याकडेच परत आला. तिनं पुन्हा मारली. गल्ली तशीच. कावळे उडाले तेवढे. तिसऱ्यांदा तिचा गळा फाटला, सकाळच्या किंचाळण्यासारखाच, आणि तिला त्याची लाज वाटली नाही.

काठावरच्या ओळीतलं एक दार, वारा नसताना, भिंतीवर आपटून सताड उघडलं. सुपातले सोडे पायरीवर सांडले. आणि कोण आहे, काय झालं, काहीही न विचारता, ठसठशीत, खणखणीत आवाजात शेवंतीकाकीनं पाण्यावरून ओ दिला.