रेवणअण्णाची पेटी

“मग यातलं ठेवायचं काय?”

दस्तगीरचाचांनी हे दुसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा बसू ऐकण्याच्या मनःस्थितीतच नव्हता.

“नुसता डबा ठेवा. आतलं सगळं काढून नवं टाका. भारीतलं भारी.”

“सगळं?”

“सगळं.”

चाचांनी चष्मा कपाळावर चढवला आणि समोरच्या कॉम्प्युटरकडे बघत राहिले...

ते त्याला पेटी म्हणायचे. पेटीला कुणी डबा म्हटलेलं त्यांना आवडत नसे, पण आज त्यांनी ते चालवून घेतलं.

सोलापुरात साखर पेठेतल्या एका बोळात त्यांचं दुकान होतं. आधी त्यांनी रेडिओ दुरुस्त केले, मग टीव्ही, आणि गेली पंचवीस वर्षं ते कॉम्प्युटरचे सुटे भाग जोडून देत होते. शिकायला येणाऱ्यांना ते फी विचारत नसत. शिकून गेलेल्यांत रेवणसिद्ध त्यांच्या विशेष मर्जीतला. टॉवेल-चादरींची डिझाइनं काढण्यात त्याने पुढे नाव कमावलं, आणि ती ज्या पेटीवर काढली ती त्याने याच दुकानात, याच पाटाशी बसून, आठ वर्षांत एकेक भाग बदलत उभी केली होती.

रेवणला जाऊन बत्तीस दिवस झाले होते. तापाचं निमित्त झालं आणि पाच दिवसांत खेळ आटोपला.

बसू त्याचा धाकटा भाऊ. शाळा आठवीत अर्ध्यावर सोडलेली. डोक्यात आलं की हात आधी चालणार आणि विचार मागून धापा टाकत येणार, अशी त्याची जात. आज तो पेटी मांडीवर घेऊन रिक्षातून आला होता आणि प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्याचा उद्धार करत आला होता. खांद्याला पिशवी. पिशवीत नवीकोरी खोकी.

ती त्याने चाचांपुढे मांडली. विटेएवढं ग्राफिक्स कार्ड. रंगीत दिवे लागणाऱ्या रॅमच्या दोन पट्ट्या. नवी, वेगवान डिस्क. एका दिवसात पुण्याला जाऊन आणलं, हे सांगताना त्याची मान थोडी ताठ झाली.

“कुणी सांगितलं हेच आणायला?”

“अण्णानं. यादी आहे त्याची.”

यादी पेटीच्या बाजूच्या झाकणाला आतून चिकटवलेली होती. चाचांनी झाकणाचे स्क्रू सोडवायला घेतले. पहिला सहज निघाला. दुसऱ्याचं डोकं पार झिजलं होतं, कुणीतरी चुकीच्या पेचकसाने जोर लावल्यासारखं. त्यांनी त्या स्क्रूवरून अंगठा फिरवला, एकदा बसूकडे पाहिलं, आणि पक्कड घेऊन तो काढला.

कागदावर रेवणचं बारीक, सरळ अक्षर. पुढे काय काय बदलायचं, त्याच्या चार ओळी.

“दोन, तीन, चार आणलंस. एक नंबर कुठंय बे?”

एक नंबरला लिहिलं होतं, पॉवर सप्लाय. आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवतो तो.

बसूने खांदे उडवले. तो काय, खाली कोपऱ्यात असतो, त्याला ना दिवा ना काही, जुना चालतोय की, असं तो म्हणाला.

“जुना म्हणजे दोन बैलांची वैरण. तिच्यावर तिसरा बैल बांधणार, तोही हत्तीएवढा.” चाचांनी ग्राफिक्स कार्डाचं खोकं हाताने जोखलं आणि परत पिशवीत ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं. पिशवीची गाठ मारून ती बसूच्या मागे सरकवली.

बसूला राग आला. घ्यायचं नसेल तर तसं सांगा, दुसरी दुकानं आहेत, असं काहीतरी तो पुटपुटला. पण उठला नाही.

चाचांनी पाटावर एक जाड फडकं पसरलं आणि पेटी त्यावर आडवी केली.

“काढ.”

“काय?”

“ग्राफिक्स कार्ड काढ. जुनं.”

“मी टाकायला आलोय चाचा.”

“हो. काढ.”

बसूने काढलं. चाचांनी ते फडक्यावर ठेवलं.

“डिस्क.”

बसूचा हात तिथं थबकला. रेवणची सगळी डिझाइनं त्या डिस्कवर होती. चाचांनी खिशातून स्वतःचा हातरुमाल काढला, धुतलेला, घडीचा, आणि पुढे धरला. बसूने डिस्क त्यात गुंडाळली.

मग रॅमच्या चार पट्ट्यांपैकी तीन काढायला लावल्या. पेटी हळूहळू रिकामी होत गेली. एकेक वस्तू रेवणने कधी आणली, ती आणली त्या दिवशी घरात काय शिजलं होतं, हे सगळं बसूला आठवत होतं आणि आठवायचं नव्हतं.

“आता?” त्याने विचारलं.

“उरलेली पट्टी.”

“मग राहिलं काय आत?”

बसूचा हात त्या शेवटच्या पट्टीवर होता. तो तसाच राहिला. मग तो खाली बघून बोलायला लागला, आणि एकदा लागला तो थांबेना.

ही पेटी जुनी झाली म्हणून बंद पडलेली नाही, तो म्हणाला. परवापर्यंत चालत होती. महिन्याच्या दिवशी अण्णाची यादी पुरी करायची असं त्याच्या मनात आलं, आणि त्याने कुणाला न विचारता झाकण उघडलं. सगळ्या पट्ट्या उपटल्या, नव्या खोचल्या, कार्ड बसवलं, एकदम. बटण दाबलं तर पंखे फिरले आणि पडदा काळा. घाबरून जुनं सगळं परत लावलं. तरी काळा. रोज सकाळी अव्वा, म्हणजे त्याची आई, त्या पेटीपुढे येऊन उभी राहते. पेटी सुरू झाली की पडद्यावर अण्णाचं अर्धं राहिलेलं डिझाइन दिसतं, ते बघते आणि मग चहा करते. कालपासून तो तिला वीज नाही म्हणून सांगतोय. आज सकाळी तिने स्वयंपाकघरातला दिवा लावला. लागला.

“अण्णाचं एवढंच चालू होतं घरात,” बसू म्हणाला. “ते मी मारलं.”

बोळातून एक हातगाडी खडखडत गेली.

“काढ ती पट्टी,” चाचा म्हणाले.

त्याने काढली.

चाचांनी मदरबोर्डाला एक बोटभर भोंगा जोडला, वायर लावली आणि बटणाकडे बोट केलं. बसू म्हणाला, आत तर काहीच नाही, सुरू कसं होणार. चाचांनी बोट तसंच ठेवलं.

त्याने बटण दाबलं.

पेटी किंचाळली. लांब, कर्कश आवाज, थांबला, पुन्हा तसाच, पुन्हा. बसूने दचकून हात मागे घेतला. जळलं, त्याला वाटलं, आता उरलंसुरलंही जळलं.

चाचा मात्र मान डोलावत ऐकत होते. जुन्या रेडिओवर हवं ते स्टेशन लागल्यावर माणूस डोलावतो तशी.

“बंद करा की चाचा.”

“ऐक जरा.”

“रडतंय ते.”

“मेलेलं रडतं का बे?”

चाचांनी बटण बंद केलं. मग एका वाक्यात त्याला समजावलं. पट्टी नसली की बोर्ड अशी बोंब मारतो, आणि बोंब मारायला बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही धडधाकट असावे लागतात. परवा तुझ्याकडे भोंगा नव्हता, ते म्हणाले, म्हणून तुला ऐकू आलं नाही, एवढंच.

बसूच्या खांद्यांतून काहीतरी खाली उतरलं. इतके दिवस ते वर चढून बसलं होतं, हे त्याला उतरल्यावर कळलं.

आता चाचांनी दिवा जवळ ओढला आणि पट्ट्या बसतात त्या खाचांत डोकावले. करंगळी फिरवली. करंगळीला पांढरं लागलं. त्यांनी ते दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं.

“धूळ काळी असते,” ते म्हणाले. “हे काय?”

बसूने पाहिलं आणि ओळखलं. विभूती. अव्वा सकाळी आंघोळ करून देव्हाऱ्यातला विभूतीचा गोळा घेते, पूर्वी अण्णाच्या कपाळाला लावायची तशी तीन बोटं आता पेटीच्या माथ्यावर ओढते. पेटीच्या माथ्याला जाळी होती. महिनाभराची विभूती जाळीतून झिरपून आत बसली होती. तोवर पट्ट्या जागच्या जागी घट्ट होत्या म्हणून चालत होतं. बसूने त्या उपटल्या आणि उघड्या खाचांत ती भुकटी गेली. पट्ट्यांच्या सोनेरी दातांनाही तिचा थर बसला.

चाचांनी रंग द्यायचा मऊ ब्रश घेऊन खाचा झाडायला सुरुवात केली. झाडता झाडता गल्ल्याशेजारच्या डब्यातून एक खोडरबर काढून बसूपुढे टाकला. पोरांच्या कंपासपेटीत असतो तसला, पांढरा.

“पट्टीचे दात घास. हलक्या हातानं.”

बसू रबराकडे बघत बसला.

“शाळेत वापरला नसशील, चुका काढायला मास्तर होते. इथं वापर.”

बसूला हसू आलं. महिन्याभरात पहिलं. पण लगेच तो थांबला. पट्टी हातात घेऊन त्याने हळूच विचारलं, रबराने यातलं अण्णाचं काही पुसलं तर जाणार नाही ना.

चाचांनी ब्रश खाली ठेवला. हा प्रश्न त्यांना आवडला असावा.

“या पट्टीत काही राहत नाही. दिवसभराचं सगळं हिच्यावर चालतं, आणि बटण बंद झालं की ही सगळं विसरते. रोज.”

“रोज?”

“म्हणून दुसऱ्या दिवशी कामाला येते.”

“आणि अण्णाचं?”

चाचांनी रुमालातल्या डिस्कवर नुसता हात ठेवला.

बसूने घासायला घेतलं. एक पट्टी, दुसरी, तिसरी, चौथी. रबराचा बारीक करडा चुरा मांडीवर जमला. सोनेरी दात एकेक करून उजळले. त्याला घाई करायची सवय, पण हे काम घाईने होत नव्हतं, आणि होत नव्हतं याचं त्याला वाईटही वाटलं नाही.

मग एक पट्टी बसवली. एकच. दोन्ही टोकांना खट् खट् आवाज येईपर्यंत दाबली.

“दाब बटण.”

त्याने डोळे मिटून दाबलं.

एकच आवाज आला. छोटा, स्वच्छ. टीं.

मग पंख्यांची हलकी घरघर.

ती घरघर बसूच्या ओळखीची होती. भिंतीपलीकडून ती ऐकत तो गेली आठ वर्षं झोपला होता. त्याने तोंड फिरवलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतोय असं दाखवलं, आणि त्याचे खांदे हलायला लागले. चाचांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते रुमालातून डिस्क सोडवत बसले, आणि ती सोडवायला त्यांनी चांगला वेळ घेतला.

पुढचं सगळं एकेक करून परत गेलं. एक भाग बसवायचा, बटण दाबायचं, आवाज ऐकायचा, बंद करायचं, मग दुसरा. सगळ्यात शेवटी दुकानातला पडदा जोडला. चादरीच्या काठाची अर्धी नक्षी उजळली. डावीकडे भरलेली, उजवीकडे कोरी. रेवण गेला तेव्हा होती तशी.

बसूने नाक पुसलं. आवाज मोकळा झाला होता. पिशवीकडे हात करून त्याने विचारलं, मग आता यातलं काय टाकू.

“आज काही नाही. आधी एक नंबरचा घेऊन ये, तो लाव, दोन महिने वापर, आणि मला येऊन सांग पेटीचा आवाज कसा येतोय ते. मग दोन नंबर.”

“असं तर वर्ष जाईल.”

“तुझ्या अण्णाची आठ गेली.”

बसूने झाकण लावलं. झिजलेल्या स्क्रूच्या जागी चाचांनी नवा दिला आणि पेचकस बसूच्या हातात ठेवला. त्याने तो सावकाश पिळला. पेटी उचलून छातीशी धरली, दारापर्यंत गेला आणि वळला.

एक राहिलं होतं. उद्या सकाळी अव्वा पुन्हा विभूती घेऊन येईल. लावू नको म्हणून तिला सांगायचं कसं? महिनाभर ती घरात त्या पेटीशिवाय कुणाकडे बघत नाही. आपल्यालाही ओलांडून जाते, हे सांगताना बसू अडखळला, आणि त्याने ते अर्धंच सांगितलं. कापड झाकू का वरून, त्याने विचारलं. की जाळी बंद करून टाकू?

चाचांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि बसूच्या चेहऱ्याकडे, त्याच्या कोऱ्या कपाळाकडे, नीट पाहिलं...

“काही झाकू नकोस. सकाळी लवकर आंघोळ कर, अन् तिच्या आणि पेटीच्या मधे जाऊन बस.”