नवं खेळणं येतं कुठून?

आपल्या पणजोबांचे पणजोबा अजून रांगत होते, त्याच्याही आधीची ही गोष्ट. सात टेकड्यांपलीकडे एक राज्य होतं. तिथला राजा हौशी, माणसं कष्टाळू आणि मुलं महाखेळकर. त्या राज्याच्या राजधानीत सटवाजी नावाचा सुतार राहत असे.

सटवाजी खेळणी करी. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून तो अशी काही खेळणी घडवी की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. दोरी ओढली की दाणे टिपणारी कोंबडी. खुंटी फिरवली की जात्यावर दळणारी बाई. शेपूट दाबलं की मान डोलावणारा हत्ती. वर्षातून एकदा देवीची जत्रा भरे, आणि जत्रेत राजवाड्यासमोर पहिलं दुकान मांडण्याचा मान सटवाजीचा असे.

पण मान मिळाला की त्याच्या मागोमाग भीतीही घरात शिरते. सटवाजीला वाटू लागलं, आपली कल्पना कुणीतरी चोरील. त्याने कामाच्या खोलीची खिडकी फळ्या ठोकून बंद केली. मग त्याला वाटलं, गप्पांत वेळ फुकट जातो. त्याने ओसरीवर बसणं सोडलं. मग वाटलं, जेवायला उठण्यातही काम खोळंबतं. तेव्हापासून त्याची बायको तुळसा ताट दाराशी ठेवून जाई आणि हा लाकूड तासता तासता चार घास गिळी. बाहेर लख्ख ऊन पडलेलं असे आणि सटवाजी आत समईच्या उजेडात वाकून बसलेला असे.

काम वाढलं. खेळण्यांचा ढीग वाढला. पण ढिगात सगळी तीच कोंबडी, तीच दळणारी बाई, तोच हत्ती. असं एक नाही, दोन नाही, पाच वर्षं चाललं. सटवाजीची भूक मेली, झोप उडाली, कपाळ सदा ठणकत राहिलं.

पाचव्या वर्षीच्या जत्रेत एक चिमुरडी दुकानापाशी आली. तिने कोंबडी उचलली, उलटीसुलटी केली आणि परत ठेवून दिली.

"का गं, नको?" सटवाजीने विचारलं.

"ही आहे आमच्याकडे," ती म्हणाली. "दार आपटू नये म्हणून आईनं दाराला लावलीय."

सटवाजीचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात राजाचा कारभारी आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "सटवाजी, पुढच्या जत्रेला नवं काही निघालं नाही, तर पहिल्या दुकानाचा मान दुसऱ्याला द्यावा लागेल. महाराजांची तशी आज्ञा आहे."

दुकान उघडं टाकून सटवाजी सुन्न मनाने जत्रेत फिरू लागला. अगदी टोकाला, पिंपळाखाली मुलांची झुंबड उडालेली दिसली. मधे एक कुंभारीण बसली होती. तिच्यापुढे मातीचे बेडूक होते. पाठीवरच्या भोकात फुंकर मारली की ते 'डराव' करत. सटवाजीने शेजारच्या फुटाणेवाल्याला विचारलं, "ही दरवर्षी बेडूकच आणते का?"

"छे हो! ही भागूबाई. गेल्या वर्षी शीळ घालणारी घार होती. त्याच्या आदल्या वर्षी पाण्यात तरंगणारं कासव. दर खेपेला नवंच काहीतरी."

सटवाजीच्या मनात किडा वळवळू लागला. हिला हे सुचतं कुठून? नक्की हिच्याकडे काहीतरी गुपित आहे. एखादी मुळी असेल, मंत्र असेल, नाहीतर कुणा जुन्या कारागिराची पेटी असेल. ते हाती लागलं की आपलं काम झालं.

जत्रा सरली. "लाकूड बघायला जातो," असं तुळसाला सांगून सटवाजी निघाला आणि विचारत विचारत नदीकाठच्या भागूबाईच्या गावी पोहोचला. अंगावर जुनं धोतर, खांद्यावर घोंगडी.

"बाई, माती तुडवायला गडी हवा का?" त्याने विचारलं.

भागूने त्याच्याकडे नीट पाहिलं. "हवा की. हातपाय धुवा दादा, आधी भाकरी खा."

भागूच्या घरात तीन माणसं होती. भागू, तिची सात वर्षांची लेक बयो आणि डोळ्यांनी अधू झालेले सासरे. भागूचं चाक घराबाहेर, लिंबाखाली, अगदी रस्त्याच्या कडेला होतं. जाणारा येणारा दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जात नसे. अंगणात मातीच्या एका पसरट परळात पाणी ठेवलेलं असे आणि त्यावर दिवसभर चिमण्या, साळुंख्या, खारी भांडत असत.

'असल्या गोंगाटात ही काम तरी कशी करते?' सटवाजीला नवल वाटलं.

पहाटे भागू माती आणायला निघाली. सटवाजी टोपली घेऊन मागोमाग. पहिल्या दिवशी ती देवळाला वळसा घालून गेली. दुसऱ्या दिवशी मळ्याच्या बांधावरून. तिसऱ्या दिवशी बाभळीच्या बनातून. माती आणायची ती नदीच्या त्याच काठावरून.

"सरळ वाट सोडून अशा आडवाटा कशाला?" त्याने विचारलं.

"सरळ वाट पायांना पाठ झालीय. तिच्यावरून चालताना डोळे मिटलेलेच राहतात," भागू हसून म्हणाली.

सटवाजी टक लावून पाहत होता. ही मधेच थांबते, ते एखादी मुळी उपटायला का? तर नाही. ती मुंग्यांची रांग बघायला थांबे. सुगरणीचं घरटं वाऱ्यावर कसं हेलकावतं ते बघे. आणि मुळी न उपटता, मंत्र न पुटपुटता पुढे चालू लागे. दुपारी ऊन चढलं की ती चाक थांबवी, हात धुवी आणि घटकाभर लिंबाखाली नुसती पडून राही.

संध्याकाळी चौघं एकत्र जेवायला बसत. पहिला घास घ्यायच्या आधी बयो सगळ्यांना विचारी, "आज नवं काय?"

पहिल्या दिवशी आजोबा म्हणाले, "आज चिमणीच्या पिलाचा आवाज फुटला. काल नुसतंच चिरकत होतं." भागू म्हणाली, "भोपळ्याच्या वेलानं काल रात्रीतून दोरी पकडली." मग सगळे सटवाजीकडे पाहू लागले. तो दिवसभर भागूवर पाळत ठेवून होता. दुसरं काही त्याने पाहिलंच नव्हतं.

"काही नाही," तो म्हणाला.

"असू दे, उद्या दिसेल," आजोबा म्हणाले आणि जेवणं सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी लाजेकाजेने त्याने ठोकून दिलं, "मी निळा कावळा पाहिला."

"कुठं? मला दाखवाल?" बयो ताटावरून उठायलाच निघाली. सटवाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या मोठ्या कारागिराला सात वर्षांच्या पोरीला सांगण्याइतकंही काही दिसलेलं नव्हतं.

म्हणून तिसऱ्या दिवशी तो खरोखर पाहू लागला. आणि बाभळीच्या बनात त्याला एक शेळी दिसली. शेंगा उंच होत्या. त्या लबाड शेळीने इकडेतिकडे पाहिलं, बसलेल्या दुसऱ्या शेळीच्या पाठीवर चढली आणि ऐटीत शेंग तोडली. खालची शेळी बिचारी रवंथ करतच राहिली. सटवाजी खो खो हसला. आपण किती दिवसांनी हसलो, हे त्यालाच आठवेना. संध्याकाळी त्याने ती हकीकत हातवारे करून सांगितली. बयो हसून लोळली. त्या दिवशी तो दोन भाकऱ्या जेवला आणि घोंगडीवर पाठ टेकताच झोपला.

असे पंधरा दिवस गेले. अंगात तरतरी आली, कपाळाचा ठणका थांबला. तरी गुपिताचा किडा काही जाईना. एका दुपारी भागू शेजारी गेलेली पाहून तो घरात शिरला. फडताळामागे एक मोठी टोपली झाकून ठेवलेली होती. सापडलं! त्याने झाकण काढलं.

आत तडकलेले बेडूक होते. मान वाकडी झालेल्या घारी, पोटाला भोक पडलेली कासवं, आणि काय करायचं होतं तेच न कळणारे मातीचे गोळे.

"सापडलं का दादा?"

दारात भागू उभी होती. सटवाजीने झाकण खाली ठेवलं. त्याने हात जोडले. "बाई, मी गडी नाही. मी..."

"सुतार आहात. पटाशीचा घट्टा अंगठ्याच्या या बाजूला पडतो. मला पहिल्याच दिवशी कळलं."

"मग मला हाकललं का नाहीस?"

"तुमच्या चेहऱ्याची पार रया गेली होती. म्हटलं, चार दिवस जेवतील, झोपतील. माणूस ताळ्यावर आला की मग विचारू."

सटवाजीने खाली मान घालून सगळं सांगितलं. बंद खिडकी, दाराशी ठेवलेलं ताट, पाच वर्षांचा तो ढीग. शेवटी म्हणाला, "मी तुझं गुपित चोरायला आलो होतो. आणि इथे तर नुसती बिघडलेली खेळणी निघाली."

भागू टोपलीजवळ बसली. "दहा बिघडतात तेव्हा एक जमतं. बिघडलेलं फेकलं की हात घाबरतो, म्हणून ठेवते. बाकी गुपित म्हणाल तर तुम्ही पंधरा दिवस ते जगलातच की. वाट बदलायची, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायचं, थकलं की टेकायचं, चारचौघांत बसून जेवायचं. त्यातलं एखादं कधीतरी मातीत उतरतं."

"आणि कुणी तुझी कल्पना उचलून नेली तर?"

"नेऊ दे. उद्या वाटेवर मला दुसरं काहीतरी दिसेलच की."

सटवाजी घरी परतला तो थेट फळ्या उचकटायला लागला. पाच वर्षांनी खोलीत ऊन आलं. तुळसा बघतच राहिली. त्याने खिडकीशी पाण्याचं परळ ठेवलं. ओसरीवर बसू लागला. रोज सकाळी वेगळ्या गल्लीने फिरून येई. महिने सरले तसे लोक कुजबुजले, "सटवाजी कामातून गेला. जत्रा तोंडावर आली आणि हा गावभर हिंडतोय."

त्याला दोन शेळ्यांचं खेळणं करायचं होतं. दोरी ओढली की एकीने दुसरीच्या पाठीवर चढायचं. पण चढणारी शेळी दर वेळी तोंडावर आपटे. एक बिघडली, चार बिघडल्या, नऊ बिघडल्या. त्याने एकही चुलीत घातली नाही, सगळ्या फळीवर मांडून ठेवल्या.

एके संध्याकाळी नवराबायको समोरासमोर जेवायला बसली होती. तुळसा फळीकडे पाहत म्हणाली, "तुमची शेळी चारही पाय एकदम उचलते, म्हणून पडते. शेळी आधी पुढचे दोन पाय टेकवते, अंग तोलते आणि मग मागचे उचलते."

सटवाजीचा घास हातातच राहिला. "तुला कसं ठाऊक?"

"माहेरी शेळ्याच राखत होते मी. तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

त्याचे डोळे भरून आले. इतकी वर्षं ही बाई दाराच्या पलीकडे ताट ठेवून परत फिरत होती. दुसऱ्या दिवशी तो काम करायला बसला तेव्हा तुळसाचा पाट त्याच्या शेजारी होता. दहावी शेळी चढली.

त्या वर्षीच्या जत्रेत शेळ्यांच्या दुकानापुढे उभं राहायला जागा उरली नाही. मुलं दोरी ओढत आणि हसत, मोठी माणसं मुलांच्या हातातून घेऊन ओढत. खुद्द महाराजांनी तीनदा ओढून पाहिली. पहिल्या दुकानाचा मान कायम राहिला. सटवाजीने त्यांना एकच विनंती केली, की शेजारची जागा कुंभारणीला मिळावी. महाराजांनी ती आनंदाने मान्य केली.

कारभारी मात्र घाईत होता. "वा, सटवाजी! आता पुढचं खेळणं कोणतं? आत्ताच सांगून टाक, दप्तरी नोंदवून ठेवतो."

"मला तरी कुठं ठाऊक आहे, कारभारीसाहेब?" सटवाजी म्हणाला. "उद्या सकाळी तुळसा आणि मी फिरायला निघू, तेव्हा बघू काय दिसतं ते."

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: घर, वाट आणि पंगत मोकळी ठेवणाऱ्याचं मन निरोगी राहतं, आणि निरोगी मनाला नवं सुचायला वेगळं गुपित लागत नाही.